फिटलेले ऋण, न फिटलेली नोंद

कर्जाचा शेवटचा हप्ता भरला जातो तो दिवस मध्यमवर्गीय मराठी घरात सणासारखा असतो. १५-२० वर्षे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगारातून जी रक्कम डोळ्यांदेखत वजा होत होती, ती आता होणार नाही. बँकेतून बेबाकीचा दाखला आणि घराची मूळ कागदपत्रे हाती येतात. गृहिणी ती आधी देवापुढे ठेवते, मग कपाटात. ऋण काढून सण करू नये हे ज्यांना लहानपणापासून शिकविले गेले, त्यांच्या लेखी 'आता कोणाचे देणे नाही' या वाक्यातील समाधान पैशांत मोजता येत नाही.

अशाच एका निवृत्त शिक्षकाचे चित्र वाचकांनी डोळ्यांसमोर आणावे. घराचे कर्ज फिटून काही महिने झाले आहेत. मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आहे आणि शैक्षणिक कर्जासाठी सहकर्जदार म्हणून सही करावयास ते दुसऱ्या बँकेत गेले आहेत. तरुण अधिकारी संगणकाच्या पडद्याकडे पाहतो आणि म्हणतो, "सर, तुमचे जुने कर्ज अजून चालू दिसते आहे. त्यात थकबाकीही आहे." सर पिशवीतून बेबाकीचा दाखला काढतात. अधिकारी तो आदराने वाचतो, परत करतो आणि सांगतो, "दाखला बरोबर आहे हो, सर. पण सिबिलमध्ये नोंद सुधारून येऊ द्या, मग बघू." प्रवेशाची मुदत मात्र ८ दिवसांवर आलेली असते.

हे चित्र कल्पनेतील असले, तरी अनेक वाचकांना ते ओळखीचे वाटेल. पैसे भरले ते खरे, दाखला दिला तोही खरा. परंतु संगणकातील नोंद त्याहून अधिक खरी मानली गेली! माणसाने शब्द पाळला. त्याने तो पाळल्याची नोंद करण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांनी ते वेळेवर केले नाही. आणि शिक्षा झाली ती शब्द पाळणाऱ्याला. आमच्या मते हा निव्वळ तांत्रिक विलंबाचा प्रश्न नाही. हा न्यायाचा प्रश्न आहे.

प्रथम या व्यवस्थेला न्याय देऊ. कर्ज देणाऱ्याला कर्ज घेणाऱ्याचा पूर्वेतिहास ठाऊक असावा, यात वावगे काही नाही. बँकेतील पैसा हा ठेवीदारांचा असतो. एका बँकेला बुडवून दुसऱ्या बँकेच्या दारात उजळ माथ्याने उभे राहणाऱ्या बड्या धेंडांनी या देशाच्या बँकांची काय अवस्था केली, हे आपण पाहिले आहे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या सिद्दिकी कार्यगटाने १९९९ मध्ये पतमाहितीचे केंद्र असावे अशी शिफारस केली, त्यातून २००० मध्ये 'क्रेडिट इन्फर्मेशन ब्यूरो' म्हणजे 'सिबिल' उभी राहिली आणि २००५ मध्ये संसदेने पतमाहिती कंपन्यांच्या नियमनाचा कायदा केला. आज अशा ४ कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हायमार्क. बोलीभाषेत मात्र सर्वांना मिळून 'सिबिल' हेच नाव पडले आहे. बँका, वित्तसंस्था, गृहकर्ज कंपन्या, क्रेडिट कार्ड देणाऱ्या संस्था आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती या चौघींना पुरवितात आणि तिच्या आधारे ३०० ते ९०० या पट्टीवर प्रत्येकाची पत मोजली जाते.

या व्यवस्थेचा लाभ प्रामाणिक माणसाला झाला आहे, हेही मान्य करावयास हवे. पूर्वी बँकेच्या व्यवस्थापकाशी ओळख असणे ही मोठी पुंजी होती. ज्याची ओळख नाही, गहाण टाकण्यासारखे काही नाही, परंतु नियमित फेडण्याची सवय आहे, अशा छोट्या दुकानदाराला त्याची ती सवयच तारण म्हणून उपयोगी पडू लागली. तेव्हा पतनोंद असू नये, असे आमचे म्हणणे नाही. मात्र जी नोंद माणसाचे भवितव्य ठरविते, ती वेळेवर आणि खरी असलीच पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ती वेळेवर का नसते? या कंपन्या कोणाच्याही खात्यात स्वतः डोकावत नाहीत. बँक ठराविक दिवशी आपल्या सर्व कर्जखात्यांची स्थिती एका गठ्ठ्यात पाठविते. हा गठ्ठा दीर्घकाळ महिन्यातून एकदा जात असे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२४ मध्ये परिपत्रक काढून १ जानेवारी २०२५ पासून तो पंधरवड्याला, म्हणजे महिन्याच्या १५ तारखेची आणि अखेरच्या दिवसाची स्थिती दाखवून, पाठविण्याचा नियम केला. त्यानंतर ७ दिवसांत बँकेने माहिती द्यावी आणि ती मिळाल्यापासून ५ दिवसांत पतमाहिती कंपनीने आपल्या दप्तरात घ्यावी, असे ठरले. २०२५ च्या उत्तरार्धात ही मुदत आठवड्यावर आणण्याच्या दिशेनेही रिझर्व्ह बँकेने पाऊल टाकले. याबद्दल तिचे अभिनंदनच केले पाहिजे.

तरीही पंधरवड्याच्या नियमाने हिशेब करून पाहा. १ तारखेला कर्ज फेडले, तर १५ तारखेच्या गठ्ठ्यात ते येणार. तो २२ तारखेपर्यंत जाणार. २७ तारखेपर्यंत दप्तरात चढणार. सर्व काही नियमानुसार झाले, तरी ही २७ दिवसांची प्रतीक्षा आहे. ज्या देशात भाजीवालीच्या फलकावरील चौकटीवर भ्रमणध्वनी धरताच पैसे क्षणात तिच्या खात्यात जमा होतात, त्या देशात पैसे दिल्याचे सत्य पोहोचावयास मात्र २७ दिवस लागावेत, हे कोणत्या तंत्रज्ञानाच्या मर्यादेमुळे? मर्यादा यंत्राची नाही, इच्छेची आहे.

खरी व्यथा याच्याही पुढची आहे. ज्यांची नोंद नियमित गठ्ठ्यातून जाते, त्यांचे महिन्याभरात तरी निभावते. अडकतात ते ज्यांच्या खात्यात कोठेतरी गाठ पडलेली असते ते. शेवटचा हप्ता भरला, परंतु त्या दिवसापर्यंतचे काही रुपयांचे व्याज किंवा एखादे शुल्क खात्यावर शिल्लक राहिले; ग्राहकाला कोणी सांगितले नाही आणि खाते 'चालू' राहून पुढे 'थकीत' झाले. क्रेडिट कार्ड बंद करण्यास सांगितले, पण वार्षिक आकारणी लागतच राहिली. कर्ज देणाऱ्या संस्थेने ते दुसऱ्या संस्थेला विकले आणि फेड नव्या संस्थेकडे झाली, जुन्या संस्थेच्या नावावरील नोंद तशीच राहिली. २०१९ आणि २०२० मध्ये अनेक सार्वजनिक बँकांचे विलीनीकरण झाले, खात्यांचे क्रमांक आणि शाखांची नावे बदलली. ज्या शाखेत कर्ज घेतले ती शाखाच उरली नसेल, तर जुन्या नोंदीची दाद कोणाकडे मागावयाची?

त्यात आपल्या नावांची गोष्ट निराळीच. कोठे आडनाव आधी, कोठे शेवटी. कोठे वडिलांचे नाव पूर्ण, कोठे नुसते आद्याक्षर. देवनागरीतील एकच नाव रोमन लिपीत चार प्रकारे लिहिलेले. विवाहानंतर नाव बदललेल्या भगिनींची माहेरच्या नावाची आणि सासरच्या नावाची अशी दोन खाती तयार होतात. कधी एकाच नावाच्या दुसऱ्याच माणसाचे कर्ज आपल्या माथी येते. सहकारी बँकांच्या या महाराष्ट्रात शेजाऱ्याला, नातेवाइकाला, सहकाऱ्याला जामीन राहणे हा माणुसकीचा भाग मानला जातो. मूळ कर्जदाराने कर्ज फेडले, प्रकरण मिटले, जामीनदार विसरूनही गेला. परंतु जामीनकीचे ते कर्ज त्याच्याही पतअहवालात येते, आणि तेथे ते थकलेले दिसत असल्याचे त्याला कळते ते स्वतः कर्ज मागावयास गेल्यावर, भर बँकेत, चारचौघांसमोर.

येथे या व्यवस्थेतील मूळ असमतोल ध्यानात येतो. हप्ता चुकल्याची नोंद आपोआप होते. त्यासाठी बँकेला कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. चुकीची नोंद दुरुस्त मात्र आपोआप होत नाही. त्यासाठी नागरिकाने स्वतः शोध घ्यावयाचा, अर्ज करावयाचा, पुरावे जोडावयाचे, पाठपुरावा करावयाचा. बँक म्हणते, आम्ही माहिती पाठविली, कंपनीला विचारा. कंपनी म्हणते, बँकेने दुजोरा दिल्यावाचून आम्ही अक्षरही बदलू शकत नाही. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी नियमाला धरून असते आणि त्या दोन नियमांच्या मध्ये माणूस हेलपाटे घालत राहतो.

कायदा काही मुका नाही. २००५ च्या कायद्याने नागरिकाला स्वतःची पतनोंद पाहण्याचा आणि ती दुरुस्त करून घेण्याचा अधिकार दिला आहे आणि दुरुस्तीसाठी ३० दिवसांची मुदत घातली आहे. तरीही जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला चारही पतमाहिती कंपन्यांना मिळून १ कोटी रुपयांहून थोडा अधिक दंड करावा लागला. कायद्यातील कर्तव्ये पार पाडण्यात त्या उण्या पडल्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने भरपाईचा नियम केला, तो एप्रिल २०२४ पासून अमलात आला. तक्रार ३० दिवसांत सुटली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये तक्रारदाराला द्यावयाचे. बँकेने २१ दिवसांत सुधारित माहिती दिली नाही तर दोष बँकेचा. तिने दिल्यावरही कंपनीने उर्वरित दिवसांत काम केले नाही तर दोष कंपनीचा. बँक आणि कंपनी यांनी एकमेकींकडे बोट दाखविण्याच्या खेळाला यामुळे प्रथमच काही आळा बसला.

नियम चांगला आहे, परंतु अपुरा आहे. अपुरा का, हे रिझर्व्ह बँकेच्याच दुसऱ्या एका आदेशाशेजारी तो ठेवला म्हणजे कळते. सप्टेंबर २०२३ मध्ये तिने सांगितले की, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत घराची मूळ कागदपत्रे परत केली पाहिजेत. बँकेच्या चुकीमुळे विलंब झाला, तर प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हा आदेश १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. म्हणजे माणसाच्या घराचा कागद अडकवून ठेवला तर दिवसाला ५,०००, आणि माणसाचे नाव अडकवून ठेवले तर दिवसाला १००! शिवाय कागदपत्रांचे घड्याळ कर्ज फिटल्या दिवसापासून चालू होते. नावाचे घड्याळ मात्र नागरिकाने तक्रार केल्यावर चालू होते. ज्याला आपली नोंद चुकली आहे हेच माहीत नाही, त्याचे घड्याळ कधी चालूच होत नाही. घरापेक्षा नाव स्वस्त ठरविणारा हा हिशेब आपल्या संस्कृतीला मान्य होईल काय?

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचा विचार केला नव्हता, असे कोणी समजू नये. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी जीवनाचीच मांडणी ऋणाच्या भाषेत करणाऱ्या समाजाने ऋण फेडणे हे धर्मकर्तव्य मानले. मनुस्मृतीने व्यवहाराची जी १८ पदे सांगितली, त्यांत ऋणादानाला पहिले स्थान आहे. परंतु धर्मशास्त्राने केवळ ऋणकोला उपदेश केला नाही, धनकोलाही बांधून घेतले. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात स्पष्ट विधान आहे की, ऋणकोने जसजसे धन द्यावे तसतसे ते कर्जाच्या लेखाच्या पाठीवर लिहावे, अथवा धनकोने स्वहस्ताच्या खुणेने पावती द्यावी. आणि ऋण फिटल्यावर तो लेख फाडून टाकावा किंवा शुद्धीसाठी दुसरा लेख करून द्यावा. मराठी व्यवहारात ज्याला फारखती म्हणत, ती हीच. दिलेल्या धनाची नोंद त्याच लेखावर, आणि ऋण संपले की लेखही संपला. फेड आणि नोंद ही दोन निरनिराळी कृत्ये आहेत, असे त्या शास्त्राने मानलेच नाही. आजच्या संगणकीय दप्तराला हे शेकडो वर्षांपूर्वीचे सूत्र साधता येत नाही, याला प्रगती म्हणावयाचे का?

हे सूत्र मोडले की काय होते, हे महाराष्ट्राच्या मातीने पाहिले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतील गावागावांत पसरला. इतिहासात 'दख्खनचे दंगे' म्हणून तो नोंदला गेला आहे. या उठावाचे एक वैशिष्ट्य फार बोलके आहे. शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, त्याच्या दप्तरावर होता. त्यांनी कर्जखते मागितली आणि ती जाळली. दिलेल्या पैशाची पावती नाही, वहीत जमा दिसत नाही, व्याज मात्र चढत राहते, ही त्यांची व्यथा होती. परकीय सरकारलाही ती ऐकावी लागली. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा आला. त्या कायद्याने शेतकऱ्याला फेडीची लेखी पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला. आपल्या नावाची वही दुसऱ्याच्या ताब्यात असणे म्हणजे काय, हे त्या पिढीने भोगले होते. आज वही कागदाची उरलेली नाही, ती जाळताही येत नाही आणि जाळू नयेच. परंतु म्हणूनच ती अचूक ठेवण्याची जबाबदारी वही ठेवणाऱ्यावर अधिक कठोरपणे टाकली पाहिजे.

कारण आता प्रश्न केवळ कर्ज मिळण्या-न मिळण्याचा राहिलेला नाही. गुणांक घसरलेल्या ग्राहकाला अनेक बँका व्याजदर चढा लावतात. ३० लाख रुपयांच्या, २० वर्षे मुदतीच्या गृहकर्जावर व्याज साडेआठऐवजी ९ टक्के लागले, तर मासिक हप्ता सुमारे साडेनऊशे रुपयांनी वाढतो आणि संपूर्ण मुदतीत सुमारे २ लाख ३० हजार रुपये जादा द्यावे लागतात. एका न सुधारलेल्या नोंदीची ही किंमत कोणी दिवसाला १०० रुपयांत मोजू पाहील तर ती थट्टा ठरेल. ही नोंद नोकरीच्याही आड येते. बँकेतील पदासाठी निवडलेल्या एका उमेदवाराची नियुक्ती प्रतिकूल पतइतिहासामुळे रद्द झाली आणि ती कारवाई २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वैध ठरविली. सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्याची पत पाहिली जावी, हे तत्त्व समजण्यासारखे आहे. पण मग ती पत सांगणारी नोंद निर्विवाद असावयास नको का?

शेतकऱ्याचे दुःख आणखी वेगळे आहे. पाऊस चुकला म्हणून हप्ता चुकला, हे संगणकाला कळत नाही. एकरकमी तडजोडीने प्रकरण मिटविले, तरी 'तडजोड' हा शेरा पतअहवालात राहतो आणि शेतकऱ्याला वाटते आपण मोकळे झालो. मे २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरणाऱ्या बँकांना कारवाईचा इशारा दिला, तो या पार्श्वभूमीवर. शैक्षणिक कर्जाच्या बाबतीत केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले की, केवळ गुणांक कमी आहे म्हणून विद्यार्थ्याचा अर्ज फेटाळता येणार नाही. सरकार आणि न्यायालये आपापल्या परीने माणसाच्या बाजूने उभी राहिली आहेत. परंतु एकेका प्रकरणात इशारा देणे वेगळे आणि दप्तरच स्वच्छ ठेवणे वेगळे.

आता स्वदेशीच्या दृष्टीने एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आम्हांस आवश्यक वाटते. 'सिबिल'च्या स्थापनेत भारतीय स्टेट बँकेसारख्या आपल्या संस्था होत्या. कालांतराने भागभांडवल हस्तांतरित होत गेले आणि आज त्या कंपनीचे ९० टक्क्यांहून अधिक भाग शिकागो येथील ट्रान्सयुनियनकडे आहेत. इक्विफॅक्स मूळची अटलांटाची, एक्सपिरियनचे मुख्यालय डब्लिन येथे, क्रिफ इटलीतील बोलोन्याची. म्हणजे कोट्यवधी भारतीयांच्या आर्थिक चारित्र्याची वही ठेवणाऱ्या चारही कंपन्यांची सूत्रे शेवटी परदेशात पोहोचतात. २०१७ मध्ये इक्विफॅक्सच्या अमेरिकेतील दप्तरातून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली होती, हेही विसरता येत नाही. या कंपन्या भारतीय कायद्याखाली चालतात, त्यांत काम करणारे आपलेच बांधव आहेत. त्यांच्याविषयी आकस बाळगण्याचे कारण नाही. परंतु रुपे आणि यूपीआय उभारून ज्या देशाने पैशाच्या देवघेवीत आपली व्यवस्था आपण निर्माण करून दाखविली, त्याने पतीची वहीही आपली आपण ठेवण्याचा संकल्प करावयास हवा.

तो संकल्प मांडला गेलेला आहे, हे विशेष. रिझर्व्ह बँकेने यशवंत देवस्थळी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कृतिदलाने २०१८ मध्ये सार्वजनिक पतनोंदणीची शिफारस केली. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी राष्ट्रीय वित्तीय माहिती नोंदणीची घोषणा केली. शिफारशीपासूनचा काळ मोजला तर जन धन खात्यांना आणि यूपीआयला घरोघर पोहोचावयास लागला, त्याहून तो कमी भरणार नाही. या कामालाही तीच गती मिळाली पाहिजे.

मात्र नोंदणी सार्वजनिक झाली की आपोआप अचूक होईल, अशा भ्रमातही राहू नये. सातबाऱ्यावरील नोंदीसाठी खेटे घातलेल्या महाराष्ट्राला ते वेगळे सांगावयास नको. म्हणून दप्तर कोणाचेही असो, काही तत्त्वे आधी मान्य व्हावयास हवीत. पहिले, कर्ज फिटल्याची नोंद पुढच्या गठ्ठ्याची वाट न पाहता त्याच वेळी गेली पाहिजे. बेबाकीचा दाखला आणि पतनोंदीतील दुरुस्ती हे एकच कृत्य मानले जावे. दुसरे, विलंबाचे घड्याळ तक्रारीपासून नव्हे, फेडीच्या दिवसापासून चालावे आणि भरपाईची रक्कम माणसाच्या खऱ्या हानीशी काही नाते सांगणारी असावी. तिसरे, ज्या नोंदीबद्दल लेखी पुराव्यासह वाद उपस्थित झाला आहे, ती निकाल लागेपर्यंत गुणांकात धरली जाऊ नये आणि बेबाकीचा दाखला कोणत्याही बँकेने पुरावा म्हणून स्वीकारावा. चौथे, पतअहवाल नागरिकाला त्याच्या मातृभाषेत मिळावा. स्वतःच्या नावापुढे काय लिहिले आहे, हे वाचण्यासाठी त्याला दलालाची गरज लागू नये.

दलालांचा उल्लेख हेतुपूर्वक केला. 'सिबिल दुरुस्त करून मिळेल' अशा जाहिराती आता गावोगाव दिसतात. हजारो रुपये घेऊन ही मंडळी जे करतात, ते नागरिक स्वतः विनामूल्य करू शकतो, आणि खरी असलेली प्रतिकूल नोंद तर कोणीच पुसू शकत नाही. येथे आपल्या कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम आरंभिले, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदाही नव्हता. तो १२ वर्षांनी आला. आधी समाज जागा होतो, मग कायदा येतो, हा त्या कामाचा धडा आहे. आज तर कायदा आहे, फक्त तो लोकांपर्यंत पोहोचलेला नाही.

तो पोहोचविणे अवघड नाही. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण पतअहवाल विनामूल्य मिळण्याचा हक्क २०१७ पासून प्रत्येकाला आहे. वस्तीतील, शाखेच्या परिसरातील कुटुंबांना तो काढून देणे, वाचून दाखविणे हे कोणताही सुशिक्षित तरुण करू शकेल. कर्ज फिटले की बेबाकीचा दाखला मागून घ्यावा, खात्यावर शून्य बाकी असल्याचा उतारा घ्यावा आणि दोन महिन्यांनी पतअहवाल पाहावा. चूक दिसली तर बँकेकडे आणि पतमाहिती कंपनीकडे लेखी तक्रार करून तिची पोच व तारीख जपून ठेवावी. ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत आणि तक्रारीला शुल्क नाही. १४४४८ या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. जामीनदाराने ज्याला जामीन राहिलो त्याच्या फेडीवर लक्ष ठेवावे. हे सारे साधे आहे, परंतु एकट्या माणसाला ते डोंगराएवढे वाटते. संघटनेचा उपयोग अशाच वेळी असतो.

आणि एक शब्द स्वतःसाठी. नोंद वेळेवर दुरुस्त व्हावी, असा आग्रह धरण्याचा अधिकार हप्ता वेळेवर भरणाऱ्यालाच शोभतो. जे जाणूनबुजून बुडवितात, त्यांची ढाल म्हणून हा विषय वापरला जाऊ नये. ऋण बुडविणाऱ्याचे नाव दप्तरात खुशाल राहो. पण ज्याने पोटाला चिमटा घेऊन ते फेडले, त्याचे नाव त्या रांगेत एक दिवसही अधिक राहणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे आहे.

निवृत्त शिक्षकाच्या पिशवीतील तो दाखला खरा आहे. त्याला खरा मानावयाचे की संगणकाच्या पडद्याला, हा निर्णय यंत्राचा नाही; तो रिझर्व्ह बँकेचा, संसदेचा आणि अंतिमतः समाजाचा आहे. ऋण फिटल्यावर लेख फाडावा, हे ज्या भूमीतील शास्त्राने सांगितले, त्या भूमीत ऋण फेडलेला माणूस ऋणको म्हणून दारोदार हिंडू नये, एवढे आपण पाहिले पाहिजे.